पात्याला पाणी दिलंत, आता टेंपरिंगचं काय? (आमच्याकडून पट्टी नेणाऱ्यांसाठी)

नमस्कार. हा कागद आम्ही सुरी-कोयते करायच्या प्रत्येक स्टीलच्या पट्टीबरोबर पिशवीत टाकतो, बिलाखाली दडपून फेकून देऊ नका, एकदा वाचा. कारण असं की दर महिन्याला दोन-तीन जण तरी तुटलेलं नाहीतर केळ्यासारखं वाकलेलं पातं घेऊन दुकानात येतात आणि काउंटरवर आपटून म्हणतात, तुमची पट्टी खोटी निघाली. आम्ही भांडत नाही, पातं हार्डनेस मशीनवर लावतो, आकडा दाखवतो, मग विचारतो की टेंपरिंग (म्हणजे पाणी दिलेलं पातं ओव्हनमध्ये शेकणं) किती डिग्रीला केलंत. उत्तर नेहमीचंच, "ओव्हनच्या बटणावर दोनशे होतं." बटणावर दोनशे होतं हो, पण आत किती होतं? तिथेच सगळा घोळ असतो. कधी आत २३५ असतं, कधी १७०, आणि या दोन टोकांमध्ये भाजीची सुरी आणि उसाचा कोयता एवढा फरक पडतो.

आधी थोडं मागचं. गावाकडे लोहार म्हणतो कोयत्याला पाणी दिलं, आम्ही पुण्याजवळ भोसरीत म्हणतो हार्डनिंग केलं, गोष्ट तीच. पातं लालबुंद करायचं, लोहचुंबक चिकटायचं बंद होतं (ते साधारण ७७० डिग्रीला) त्याच्या थोडं पुढे न्यायचं आणि तेलात बुडवायचं. त्याचा कागद वेगळा आहे, इथे त्यात शिरत नाही. फक्त एवढं बघा की तेलातून काढल्यावर धारेवर कानस फिरवली तर ती काचेवरून घसरल्यासारखी घसरली पाहिजे. कानस चावली तर पाणी चढलेलंच नाही आणि मग पुढचं टेंपरिंग म्हणजे न मळलेल्या पिठाची पोळी लाटणं, ओव्हन लावून लाईटबिल वाढवू नका, परत तापवा. वरचा काळा थर आणि त्याखालचा पातळसा भाग कधीकधी मऊ असतो म्हणून दोन-चार हात घासून मग ठरवा.

आता पाणी नीट चढलं तर पातं ६४-६५ एचआरसीला असतं (एचआरसी म्हणजे हार्डनेसचं माप, आकडा मोठा तितकं पातं कडक). ऐकायला भारी वाटतं पण अशा पात्याचा काही उपयोग नाही, ते काच आहे. आमचं स्वतःचं पहिलं पातं सांगतो. थंडीचे दिवस, रात्री दहाला तेलात बुडवलं, कानस मस्त घसरली, एवढा आनंद झाला की म्हटलं टेंपरिंग सकाळी करू, झोपलो. सकाळी उचलताना हातातून निसटलं, कमरेएवढ्या उंचीवरून शहाबादी फरशीवर पडलं आणि तीन तुकडे. आवाज पण लोखंडाचा नव्हता, कप फुटल्यासारखा होता. त्यातल्या त्यात एक बरं झालं, तुटलेली कड बघायला मिळाली: बारीक, राखाडी, मखमलीसारखी. म्हणजे तापवलं बरोबर होतं, फक्त आळस नडला. तुमच्या तुटलेल्या कडेवर रव्यासारखे चमकणारे दाणे दिसले तर समजा हार्डनिंगलाच जास्त तापवलंय, ते टेंपरिंगने सुधारत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, वेळ लावू नका. तेलातून काढलं, हाताला कोमट लागेल इतकं निवलं की साबणाने तेल धुवा (नाहीतर ओव्हनमध्ये धूर आणि घरात भांडण), पुसा आणि लगेच ओव्हनमध्ये. त्यासाठी ओव्हन आधीच तापवून ठेवा, पातं निवल्यावर ओव्हन लावला तर अर्धा तास तिथेच जातो. एकदम गरम असतानाही घालू नका, कोमट होईपर्यंत निवल्याशिवाय आतलं काम पुरं होत नाही. आणि रात्रभर टाकून ठेवलेलं पातं कुणी हात न लावता नुसतं "टिक्" आवाज करून तडकतं, हे आम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंय, आतला ताण कुठेतरी वाट काढतोच.

टेंपरिंग म्हणजे हा कडकपणा थोडा उतरवून त्या बदल्यात चिवटपणा घेणं. सौदा आहे सरळ, दोन्ही फुकट मिळत नाही. किती उतरवायचा ते तापमान ठरवतं. वेळेचाही हात असतो पण तापमानापुढे तो फार छोटा, दोन तासाचे अडीच तास झाले तर काही बिघडत नाही, २०० चे २३० झाले तर बिघडतं.

आता मुख्य मुद्दा, ओव्हन. घरात जो ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) असतो तो केक आणि नानकटाईसाठी बनलाय, त्याला दहा-वीस डिग्री इकडेतिकडे झालं तरी चालतं. त्याचा थर्मोस्टॅट म्हणजे आत एक साधी पत्ती, ती तापून वाकली की तापणाऱ्या दांड्या बंद, निवली की परत चालू. त्यामुळे आतलं तापमान झोक्यासारखं वरखाली होत राहतं, आणि दांड्या लाल असतात तेव्हा त्यांच्यासमोर जे असेल ते हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. पात्याचं टोक बारीक, धार बारीक, तिथे ही झळ आधी लागते. म्हणून पातं नुसतं जाळीवर ठेवू नका. एका जुन्या ट्रेमध्ये दीड-दोन इंच कोरडी बारीक वाळू घाला आणि पातं त्यात पुरा. भडभुंजा फुटाणे वाळूतच का भाजतो, तर वाळू झळ सगळीकडे सारखी वाटते, हिसका बसू देत नाही, इथेही तेच. वाळूचा ट्रे तापायला पाऊण-एक तास लागतो, तेवढा द्या. वाळू नसेल तर निदान पात्याच्या वर-खाली अ‍ॅल्युमिनियम फॉइलची आडोशाची झापडं करा.

मायक्रोवेव्हमध्ये चालेल का असं फोनवर विचारतात. नाही. ज्या मायक्रोवेव्हला कन्व्हेक्शन आहे त्याचा फक्त कन्व्हेक्शन मोड चालतो, नुसत्या मायक्रो मोडवर लोखंड घातलंत तर ठिणग्या उडतील आणि नंतर घरी काय होईल ते आम्ही लिहायला नको.

आत खरं किती तापमान आहे ते कसं कळणार? सगळ्यात चांगलं म्हणजे के-टाईप थर्मोकपलची (टोकाशी तापमान मोजणारी) वायर असलेला मल्टीमीटर, वायरचं टोक वाळूत अगदी पात्याला लावून ठेवायचं आणि दरवाजातून वायर बाहेर काढून आकडा बघायचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, एका पट्टीच्या नुकसानीपेक्षा स्वस्तच पडतो. ते पिस्तुलासारखं इन्फ्रारेड यंत्र असतं ना, त्याच्यावर विसंबू नका, घासून चकचकीत केलेल्या पात्यावर ते खूप कमी आकडा दाखवतं, कारण चकचकीत धातू स्वतःची उष्णता नीट बाहेर टाकत नाही, आरशासारखी आजूबाजूचीच दाखवतो. काळ्या ट्रेवर किंवा वाळूवर मारलंत तर जरा तरी खरं बोलतं.

थर्मोकपल नसेल तर एक जुगाड आहे, आम्हाला फार आवडतो. कल्हईवाल्याकडून कथलाचा छोटा तुकडा आणा. शुद्ध कथील २३२ डिग्रीला वितळतं, त्यात इकडेतिकडे नाही. शुद्ध आहे का ते बघायला कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवा, आतून बारीक कुरकुर आवाज आला तर चांगलं. शिसं मिसळलेलं असेल तर ते आधीच वितळेल, मिश्रणाप्रमाणे अगदी १८३ पर्यंतसुद्धा, मग तुमचा सगळा हिशोब चुकला, शिवाय शिसं जिथे पोळी-केक भाजता तिथे नकोच. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा छोट्या स्टीलच्या वाटीत ठेवा, वाटी वाळूत पातं जिथे ठेवणार तिथेच, बटण २०० वर करून एक तास जाऊ द्या आणि मग काचेतून बॅटरी मारून बघा. तुकडा जसाच्या तसा असेल तर बटण पाच-दहा डिग्री पुढे करा, वीस मिनिटं थांबा, परत बघा. होताना मजा असते, आधी काहीच होत नाही, कोपरे तसेच टोकदार, आणि मग एकदम कोपरे खचतात आणि तुकडा पाऱ्याच्या थेंबासारखा गोल होऊन चमकतो. बटण जिथे असेल तिथे मार्करने खूण करा, तुमच्या ओव्हनचं खरं २३२ ते. आमच्या घरच्या ओटीजीत हे बटणावर २०५ असतानाच झालं होतं! म्हणजे इतके दिवस आम्ही दोनशे समजून सव्वादोनशेच्या वर पाती भाजत होतो आणि सुऱ्यांची धार टिकत नाही म्हणून पट्टीवाल्याला शिव्या घालत होतो (तेव्हा पट्टी दुसरीकडून घ्यायचो, आता शिव्या आम्ही खातो).

खालच्या टोकाला साखर वापरता येते, ती साधारण १८६ ला वितळते. बटण १८० वर असताना चमचाभर साखर पंधरा मिनिटांत पाझरली तर ओव्हन पुढे पळतोय, १९० वरसुद्धा कोरडी राहिली तर मागे आहे. फार वेळ ठेवलीत तर कमी तापमानालाही ती तांबूस होऊन पाझरायला लागते, म्हणून साखरेवर अंदाजच घ्या, कथलाएवढा भरवसा नाही.

आणि डिग्रीवरून आठवलं, हा कागद लिहायला खरं तर तोच किस्सा कारणीभूत. एक गिऱ्हाईक, स्वतः चांगल्या कंपनीत टूलरूमला, अमेरिकन व्हिडिओ बघून आले, त्यात चारशेला दोन तास टेंपर करा असं सांगितलं होतं. त्यांच्याकडे मफल फर्नेसची (बंद भट्टीची) सोय होती, चारशे लावलं, दोन तास, अगदी घड्याळ लावून. पातं सुंदर, मूठ शिसवीची, आणि पहिल्या टोमॅटोनंतर धार गायब. मशीनवर घेतलं तर ४६ आलं. अहो ते चारशे फॅरेनहाइट होतं! आपल्या हिशोबात २०४. या कागदावरचे सगळे आकडे सेल्सियस आहेत, व्हिडिओतले बहुतेक नसतात.

तर किती डिग्री? आमच्याकडच्या पट्ट्यांपुरतं सांगतो, आकडे सुमारे धरा, तुमच्या हार्डनिंगप्रमाणे एखादा पॉइंट इकडेतिकडे होईल. १०८४ ची (साध्या कार्बन स्टीलची) पट्टी २०० ला केलीत तर ६०-६१ एचआरसी मिळतं, २३० ला ५८-५९. स्वयंपाकघरातल्या पातळ सुरीला २०० ते २०५ झकास. ईएन ३१, म्हणजे बेअरिंगचं स्टील, २०० ला ६०-६१, कुणाला फार वेळ टिकणारी धार हवी असेल आणि हाडं-नारळ कापणार नसतील तर १७५-१८० पर्यंत खाली येऊ शकता, पण मग खाली पाडू नका आणि त्याने डबा उघडू नका. ओएचएनएस (तेलात कडक होणारं टूल स्टील) पण जवळपास याच रांगेत. ट्रकच्या कमानपाट्यापासून केलेलं पातं (५१६० नावाच्या स्प्रिंग स्टीलसारखं, कार्बन ०.६ टक्क्याच्या आसपास) मुळातच थोडं कमी कडक आणि जास्त चिवट, २०० ला ५७-५८, आणि कोयता असेल तर २४०-२५० ला न्या, ५५-५६ ला येईल, उसाच्या बुडाशी दगड लागला तर धार दबेल पण तुकडा उडणार नाही. दबलेली धार दगडावर पाच मिनिटांत परत येते, उडालेला तुकडा भरून यायला अर्धं पातं घासावं लागतं. नारळाच्या कोयत्यालाही हेच.

डी टू (भरपूर क्रोमियमचं टूल स्टील) घरी करू नका. त्याला १००० च्या वर, नेमक्या तापमानाला धरून ठेवावं लागतं, ते भट्टीत डोळ्याने होत नाही, आमच्याकडे द्या नाहीतर ओळखीच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे. आणि पॉवर हॅक्सॉचं जुनं ब्लेड घासून सुरी करत असाल तर ते पूर्ण हायस्पीड स्टीलचं असल्यास त्याचं टेंपरिंग कारखान्यातच साडेपाचशेच्या आसपास झालेलं असतं, तुमच्या ओटीजीने त्याच्या अंगावरचा केसही हलत नाही, नुसतं घासा.

२६० ते ३७० हा पट्टा आम्ही टाळा म्हणतो. लोकांना वाटतं तापमान जितकं जास्त तितका चिवटपणा जास्त, पण साध्या कार्बन स्टीलमध्ये या पट्ट्यात उलटं होतं, कडकपणाही जातो आणि ठिसूळपणाही वाढतो, तेल गेलं तूपही गेलं. कोयत्याला २५० वर थांबा.

वेळ दोन तास, पातं तापमानाला आल्यापासून मोजायचे, मग बाहेर काढून हवेत पूर्ण निवू द्यायचं, परत दोन तास. दोनदा का, तर पहिल्या फेरीनंतर निवताना आत थोडा नवा कडक भाग तयार होऊ शकतो, त्यालाही एकदा शेक मिळाला पाहिजे, आणि खरं सांगायचं तर पहिल्या फेरीत ओव्हन चावटपणा करून कमी तापला असेल तर दुसऱ्या फेरीत ते भरून निघतं. मधेच लाईट गेली तर घाबरू नका, आली की परत लावा, गेलेला वेळ वाया जात नाही, तापमानाला जेवढा वेळ होतं तेवढा धरून उरलेला पुरा करा.

रंगाबद्दल सगळे विचारतात. घासून चकचकीत केलेलं पातं तापलं की त्यावर रंग चढत जातो, आधी साजूक तुपासारखा फिकट पिवळा (२०५ च्या आसपास), मग मधासारखा (२३०), मग काकवीसारखा तपकिरी (२५०), मग जांभळा (२७५-२८०), मग मोरपिशी निळा (३०० च्या आसपास). पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की रंग दिसतात तोच प्रकार, पृष्ठभागावर गंजाच्या जातीचा अगदी पातळ थर बसतो आणि थर जाड होईल तसा रंग बदलतो. आता अडचण कळली का? रंग थराच्या जाडीचा आहे, थेट तापमानाचा नाही. कमी तापमानाला दोन तास ठेवलं तरी थर जाड होतो आणि रंग पुढचा दिसतो. क्रोमियमवाल्या स्टीलवर, ईएन ३१ वर थोडा आणि डी टू वर तर फारच, रंग उशिरा येतो. हाताचं तेल राहिलं असेल तर डागाडागाने येतो. वाळूतही तो सारखा येत नाही. जुना लोहार रंगावर काम करतो ते वेगळं, तो कोयत्याची फक्त धार बुडवतो, पाठीत धग तशीच ठेवतो, दगडाने पटकन एक जागा घासून चकचकीत करतो आणि पाठीकडून धारेकडे रंग पळत येताना बघतो, हवा तो रंग धारेवर पोचला की परत पाण्यात. सगळं मिनिटभरात, आणि त्या मिनिटामागे त्याची तीस वर्षं असतात. मिनिटाच्या कामाला रंग बरोबर सांगतो, दोन तासाच्या ओव्हनला नाही.

झालं की तपासा. पितळेची जाड दांडी शिकंज्यात धरा, धार लावलेलं पातं तिच्यावर साधारण वीस अंशात तिरकं टेकवून हळू दाबत सरकवा आणि धारेवर उजेड पाडून बघा. धार दांडीवर थोडी वाकून, सोडल्यावर सरळ होत असेल तर काम फत्ते. बारीक तुकडे उडाले तर कडक राहिलंय, पंधरा डिग्री वाढवून आणखी एक फेरी द्या. वाकलेली तशीच राहिली तर टेंपरिंग जास्त झालं, किंवा पाणीच कमी चढलं होतं, आणि त्याला उपाय एकच, परत पहिल्यापासून हार्डनिंग. भाजीत मीठ कमी पडलं तर वरून घालता येतं, म्हणून शंका असेल तर खालच्या आकड्यापासून सुरुवात करा. हे करताना डोळ्याला गॉगल लावा, उडालेला तुकडा दिसत नाही आणि डॉक्टरलाही सापडत नाही.

पातं तेलात वाकडं झालं असेल तर ते सरळ करायची संधी पण टेंपरिंगमध्येच असते. पहिली फेरी सरळच करा, मग दुसऱ्या फेरीला जाड पट्टीला सी क्लॅम्पने बांधा, वाकाच्या उलट बाजूला एखाद-दोन नाणी सारून थोडं पलीकडे वाकेल असं, आणि तसंच ओव्हनमध्ये घाला. थंडगार पातं हाताने किंवा हातोडीने सरळ करायला जाऊ नका, पहिल्या फेरीआधी तर मुळीच नाही.

आणि एवढं सगळं करून ग्राइंडरवर पाणी उतरवणारे आमचे लाडके गिऱ्हाईक. टेंपरिंग नंतर धार काढताना बेल्टवर किंवा एमरीवर टोक निळं झालं, की तेवढ्या जागेचं पाणी गेलंच, मागे चार तास ओव्हन चालला त्याला काही अर्थ राहत नाही. निळा डाग घासून काढला की गेला असं नाही, रंग जातो, मऊपणा राहतो. हातमोजे काढून घासा, बोटाला चटका बसायला लागला की बादलीत बुडवा, दर एक-दोन फेऱ्यांनी बुडवा, बेल्ट झिजलेला असेल तर बदला. नाण्याच्या जाडीइतकी धार सोडून हार्डनिंग करायचं आणि उरलेलं नंतर थंड-थंड घासायचं, हा मधला मार्ग. भोकं मात्र हार्डनिंगच्या आधीच पाडून घ्या, नंतर ड्रिल जळतात आणि मग आमच्याकडे मुठीकडचा भाग मऊ करायला येता.

घरी जमत नसेल तर आमच्याकडे द्या. पात्यावर मूठ नको, धार पूर्ण काढलेली नको, पट्टी कुठली आहे ते मार्करने मुठीच्या भागावर लिहा, "बहुतेक कमानपाटा" असंही चालेल पण मग एक बोटभर तुकडा बरोबर द्या, आम्ही तो आधी करून, मोडून बघतो. कशासाठी वापरणार ते सांगा, भाजी, मटण, ऊस, नारळ, त्यावर आकडा ठरतो. परत देताना हार्डनेस लिहून देतो, मशीन हिऱ्याच्या टोकाने दीडशे किलोचा दाब देऊन बारीक खळगा पाडतं, तो मुठीखाली जाईल अशा जागी घेतो. तलवार, गुप्ती, खंजीर आणि भांडणाला न्यायचा कोयता घेऊन येऊ नका, आम्ही चहा पाजू आणि परत पाठवू.

गुरुवारी एमआयडीसीला लाईट नसते, वर्कशॉप बंद. बाकी दिवशी संध्याकाळी सहानंतर या, तेव्हा भट्टी बंद असते आणि बोलायला वेळ असतो. येताना तुमच्या ओव्हनच्या बटणाचा मार्करच्या खुणेसकट फोटो काढून आणलात तर पट्टीवर दहा टक्के कमी लावू.